विश्लेषण : कोकणातला पत्रा नेमका कुठून गंजतो?

कौले उतरली, पत्रे चढले. पण खाऱ्या वाऱ्यात पत्र्याचे आयुष्य ठरते ते रंगावर किंवा कंपनीच्या नावावर नाही, तर दुकानात न विचारलेल्या प्रश्नांवर आणि पाच-दहा रुपयांच्या स्क्रूवर.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा पावसाळा अक्षरशः दारात उभा होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात त्यानंतरचे कित्येक दिवस पत्र्यासाठी नुसती धावपळ होती. मिळेल तो पत्रा, मिळेल त्या भावाने, मिळेल त्या माणसाकडून चढवून घ्यायचा, हा एकच विचार. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत त्याचीच पुनरावृत्ती झाली. त्या घाईत चढवलेल्या पत्र्यांना आता कित्येक पावसाळे होऊन गेले आहेत. वळचणीच्या कडेला तपकिरी ओघळ, स्क्रूभोवती गंजाची कडी आणि आतून पाहिले तर पापुद्रे सुटलेला रंग, हे दृश्य किनाऱ्यालगतच्या गावांत नवे राहिलेले नाही. ‘हल्लीचा पत्राच हलका’ असे म्हणून विषय संपवला जातो. ते अर्धसत्य आहे. पत्रा बहुतेक वेळा निवडताना आणि बसवतानाच मारला जातो, आणि वादळानंतरची सरकारी मदत ज्या रीतीने दिली जाते तीही त्याला हातभार लावते.

कौले सोडून पत्रा का?

कौलारू घराबद्दल हळहळ व्यक्त करणारे बहुधा ते घर दरवर्षी शाकारत नसतात. मे महिन्यात कौले उतरवायची, फुटकी बदलायची, रीपा तपासायच्या आणि पुन्हा चढवायची, हे काम जाणणारी माणसे गावात उरलेली नाहीत. घरातली कर्ती माणसे मुंबई-पुण्यात. त्यात वानरांचा उपद्रव : एका सकाळी टोळी छपरावरून उड्या मारत गेली की पन्नास-साठ कौले फुटलीच म्हणून समजा. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्यात, उघडणाऱ्या घराला पत्रा सोयीचा वाटला तर त्यात चूक काही नाही. आता तर गळणाऱ्या स्लॅबवरही लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारून पत्र्याची शेड टाकली जाते. तेव्हा पत्रा हवा की नको, हा वाद संपलेला आहे. प्रश्न कोणता आणि कसा, एवढाच आहे.

समुद्राची हवा पत्र्याला काय करते?

पोलादी पत्र्यावर जस्ताचा थर असतो. हे जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते. पत्रा ओला होऊन वाळला की जस्तावर एक संरक्षक साय धरते आणि झीज मंदावते. मीठ नेमके हेच होऊ देत नाही. मीठ हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे पृष्ठभाग कोरडा दिसत असतानाही दमट राहतो आणि क्लोराइडमुळे ती साय टिकत नाही. जस्त संपले की पाळी पोलादाची.

आता कोकणातला विरोधाभास पाहा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सर्वसाधारण समज असा की पाऊसच पत्रा खातो. प्रत्यक्षात पाऊस पत्र्याची वरची बाजू चार महिने धुऊन काढतो. मिठाचा थर साठतो तो ऑक्टोबरपासून मेपर्यंत, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने आणि रात्रीच्या दवाने. आणि जी जागा पावसानेही कधी धुतली जात नाही, ती म्हणजे पत्र्याची खालची बाजू, विशेषतः वळचण. पडवीचा उघडा पत्रा, भिंतीबाहेर आलेला दीड-दोन फुटांचा भाग, पन्हळीच्या आतली कड, या ठिकाणी वर्षानुवर्षांचे मीठ साचून राहते. म्हणूनच कोकणातला पत्रा वरून कमी आणि खालून, कडेने, भोकाने जास्त गंजतो.

हे लक्षात घेतले की रंगीत पत्र्याची एक गोम कळते. नेहमीच्या रंगीत पत्र्यावर वरच्या बाजूला अस्तर धरून सुमारे २५ मायक्रॉन रंग असतो. खालच्या बाजूला बहुधा याच्या निम्म्याहून कमी, नुसता हात फिरवल्यासारखा. म्हणजे जिथे हल्ला जास्त, तिथेच चिलखत पातळ. दुकानात रंगांच्या छटांचा पट्टा दाखवला जातो, तो वरच्या बाजूचा. पाठीमागचा रंग किती जाडीचा, हे कुणी विचारत नाही.

समुद्रापासूनच्या अंतरालाही फार महत्त्व आहे. लाटा फुटतात तिथून पहिल्या काहीशे मीटरमध्ये हवेतले मीठ सर्वाधिक असते, मग ते झपाट्याने कमी होते. पण देवबागसारख्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदीचे मुख असलेल्या पट्टीवर ‘आत’ असे काही नसतेच, आणि खाड्यांच्या तोंडाशी असलेल्या गावांनाही खारा वारा चुकत नाही. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत समुद्रापासून अमुक अंतरातील घरे आणि पावसाने न धुतला जाणारा भाग वगळलेला असतो. किनाऱ्यावरच्या माणसाने पंधरा वर्षांच्या वॉरंटीची जाहिरात वाचण्याऐवजी हे वगळलेले कलम वाचावे.

दुकानात काय विचारायचे?

दोन आकडे : थराचे वजन आणि पोलादाची जाडी. बाकी सारे नंतर.

जस्ताचा थर ग्रॅममध्ये मोजतात, चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून. भारतीय मानकांत १२० ग्रॅमपासून २७५ ग्रॅमपर्यंतच्या श्रेणी आहेत. १२० ग्रॅम म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन जस्त, माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण आठव्या हिश्शाएवढे. २७५ ग्रॅम म्हणजे सुमारे १९ मायक्रॉन. दोन्ही पत्रे दुकानात सारखेच चकचकीत दिसतात. किनाऱ्याजवळच्या घरावर १२० ग्रॅमचा पत्रा चढवणे म्हणजे काही वर्षांत दुसऱ्यांदा तोच खर्च करण्याची तजवीज आहे.

याहून सरस पर्याय म्हणजे ५५ टक्के अॅल्युमिनियम, उरलेले बहुतांश जस्त आणि थोडे सिलिकॉन अशा मिश्रधातूचा थर. बाजारात तो वेगवेगळ्या नावांनी मिळतो. बिलावर ‘एझेड १५०’ असे लिहून घ्यावे, म्हणजे १५० ग्रॅम. अॅल्युमिनियम हलके असल्याने एवढ्या वजनातही प्रत्येक बाजूला २० मायक्रॉन थर बसतो आणि खाऱ्या हवेत तो साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो. बाजारात ‘एझेड ७०’ही त्याच नावाने खपतो, तेव्हा नावाला भुलण्यात अर्थ नाही. मात्र गोठ्यावर हा पत्रा नको. शेण-मुताच्या अमोनियाने त्यातले अॅल्युमिनियम खालून खाल्ले जाते. गोठ्याला भरपूर थराचा जस्ती पत्रा बरा.

अगदी लाटांच्या तोंडावरच्या घराला परवडत असेल तर निव्वळ अॅल्युमिनियमचा पत्रा सर्वांत टिकाऊ. तो मऊ असतो, नारळ किंवा झावळ पडली की पोचा येतो, आणि तो उघड्या लोखंडावर किंवा ओल्या सिमेंटवर थेट टेकवता येत नाही. सिमेंटचा पत्रा गंजत नाही हे खरे, पण त्यातल्या अॅस्बेस्टॉसच्या धुळीचा धोका माहीत असताना नव्या घरासाठी त्याची शिफारस करण्याचे कारण दिसत नाही.

जाडीचा खेळ तर उघड आहे. ‘पॉइंट पाच शून्य’ म्हणून विकला जाणारा पत्रा ही थर आणि रंगासकट एकूण जाडी असते. त्यातले पोलाद ०.४२-०.४३ मिलिमीटर भरते. इथवर ठीक. पण प्रत्यक्ष एकूण जाडीच ०.४५ किंवा त्याहून कमी असलेला मालही त्याच आकड्याने जातो. सूक्ष्ममापी प्रत्येकाकडे नसते, वजनकाटा मात्र असतो. सव्वा मीटरच्या आसपास रुंदीच्या गुंडाळीतून वळवलेला, खरा ०.५० चा १२ फुटी पत्रा १५-१६ किलो भरायला हवा. तेरा किलो भरला तर दुकानदाराशी बोलावे. जाडी, थराचे ग्रॅम आणि मानकाचा क्रमांक बिलावर लिहून देणे विक्रेत्यांना सक्तीचे का नसावे? औषधाच्या पाकिटावर मात्रा छापतात, मग ज्याच्याखाली अख्खे कुटुंब झोपते त्या वस्तूच्या बिलावर नुसते ‘रंगीत पत्रा, २२ नग’ एवढेच का?

खरेदीची वेळही बघावी. मेमध्ये पत्रे आणून अंगणात एकावर एक रचून ठेवायचे आणि वळवाच्या सरीत ते भिजू द्यायचे, हे सर्रास दिसते. दोन पत्र्यांमध्ये अडकलेले पाणी हवेअभावी जस्तावर पांढरी बुरशीसारखी भुकटी आणते. हा पांढरा गंज. नवा पत्रा छपरावर जाण्याआधीच अर्धा थर गमावून बसलेला असतो. पत्रे आडोशाला, जमिनीपासून उंच आणि थोडे कलते ठेवले तर हे टळते.

बसवताना कुठे बिघडते?

सर्वांत जास्त नुकसान करणारे यंत्र म्हणजे कटर. फॅब्रिकेटरचा माणूस छपरावर बसून ग्राइंडरने पत्रा कापतो, ठिणग्यांचा पाऊस पडतो. त्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण. ते रंगात रुतून बसतात आणि पहिल्याच पावसात तिथे तपकिरी ठिपके उमटतात. शिवाय कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर जळून जातो, म्हणजे कड पहिल्या दिवसापासून उघडी. पत्रा कातरीने किंवा निबलरने, तोही जमिनीवर कापायचा, हा जगभरचा साधा नियम आहे. आपल्याकडे तो सांगितला तर ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असे उत्तर येते. त्यावर उपाय एकच : आढ्यापासून वळचणीपर्यंतच्या मापाचे पत्रे कारखान्यातूनच कापून आणायचे. त्याने मधला जोडही वाचतो. स्क्रू मारताना पडलेला लोखंडाचा कीस मात्र त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडून काढलाच पाहिजे.

मग स्क्रू. हजार चौरस फुटांच्या छपराला सहाशे-सातशे स्क्रू लागतात. साधा पिवळसर मुलाम्याचा स्क्रू किनाऱ्यावर दोन-तीन वर्षांत डोक्याला गंजतो, गंज पत्र्यावर उतरतो आणि भोक मोठे होते. उत्तम मुलाम्याचा, ईपीडीएम रबराचा वॉशर असलेला स्क्रू घेतला आणि एका नगामागे पाच रुपये जास्त गेले असे धरले, तरी फरक साडेतीन हजारांचा पडतो. लाख-दीड लाखांच्या छपरात ही बचत करणारे घरमालक आणि ठेकेदार दोघेही आहेत. काळ्या डांबरी वॉशरचे जुने जे-बोल्ट तर आता विसरावेत. उन्हाने तो वॉशर तडकतो आणि गळती सुरू होते.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा की खोलगट भागात, यावर कारागिरांत दोन तट आहेत. खोलगट भागात पकड चांगली आणि काम झटपट, हे मान्य. पण कोकणच्या पावसात त्या भागातून सरीचे पाणी तासन् तास वाहत असते. वॉशर थोडा जरी सैल झाला तरी पाणी थेट भोकावर. इथे उंचवटाच बरोबर. त्यासाठी स्क्रू लांब हवा आणि हात हलका हवा. मशीनने दाबून आवळला की उंचवटा चेपतो, रबर बाहेर फुटते आणि तिथे खळगा तयार होतो. वॉशर किंचित दबला की थांबायचे. पत्रे अंथरायला सुरुवात पावसाळी वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून करायची, म्हणजे बाजूच्या जोडाचे तोंड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे उघडे राहत नाही.

खालच्या सांगाड्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. काळ्या पाइपावर रेड ऑक्साइडचा एक हात मारून पत्रा चढवला, तर पत्र्याआधी पाइप जातो, आणि वरून काहीच दिसत नाही. जीआय पाइप घेतला तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळते. तिथे जस्तयुक्त रंगाचे दोन हात हवेत. पाइपांची उघडी तोंडे टोपी घालून बंद करायची, नाहीतर खारी हवा आतून काम करते. जुन्या लाकडी वाशांवर नव्या रीपा मारून पत्रा घालणार असाल तर वासे कौलांचे वजन पेलत होते म्हणून निर्धास्त राहू नका. कौलांत छप्पर खाली दाबले जात होते, पत्र्यात प्रश्न उलटा आहे.

वारा पत्रा उचलतो तरी कसा?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० झाला की दाब दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरला चौरस मीटरमागे सुमारे ६८ किलो वजनाएवढा दाब येतो. छपराच्या पाठीवर हा दाब ओढीच्या स्वरूपात वर खेचतो. आपल्या वरच्या १२ फुटी पत्र्याचा हिशेब केला तर १६ किलोच्या वस्तूवर जवळपास अडीचशे किलोंची वर जाणारी ओढ. वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ ती याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. त्यासमोर पत्र्यावर ठेवलेले चार चिरे किंवा वाळूच्या पिशव्या काय करणार? उलट वादळात तेच खाली येतात. उडालेला पत्रा तर आणखी घातक, तो दुसऱ्याच्या घरात किंवा रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर जातो.

म्हणून कडेच्या दोन-तीन फुटांत स्क्रू दुप्पट हवेत आणि तिथे आधाराच्या पाइपांमधले अंतर तीन फुटांवर आणायला हवे. मध्यभागी चार फूट चालते. पण सगळी शृंखला तपासावी लागते. पत्रा पाइपाला घट्ट, पाइप कैचीला घट्ट आणि कैची जांभ्याच्या भिंतीवर नुसती टेकलेली असेल, तर वारा पाइपांसकट पूर्ण छप्पर उचलतो. कैचीचे पाय भिंतीच्या डोक्यावरच्या काँक्रीट पट्ट्यात रोवलेल्या बोल्टांना बांधलेले हवेत. स्लॅबवरच्या शेडचे खांब तर अनेकदा चार खिळेवजा बोल्टांवर उभे असतात. चारी बाजू उघड्या, उतार नावापुरता आणि उंची दुसऱ्या मजल्याच्या वर. वाऱ्याला याहून सोयीचे काही नाही.

वळचणीबाबत एक खरा पेच आहे. जांभ्याची भिंत तिरक्या पावसापासून वाचवायची तर छप्पर दोन-अडीच फूट पुढे हवे, आणि तेवढे पुढे आले की वारा खालूनही ढकलतो. जुन्या घरांत याचे उत्तर होते. पडवीचे छप्पर मुख्य छपरापेक्षा खाली, वेगळ्या वाशांवर. पडवी गेली तरी माजघर झाकलेले राही. आता आढ्यापासून पडवीच्या टोकापर्यंत एकच लांब पत्रा टाकण्याची पद्धत पडली आहे, कारण ते दिसायला बरे आणि कामाला सोपे. पत्रा मुख्य भिंतीशी थांबवावा आणि पडवीला वेगळा, खालचा सांगाडा द्यावा. थोडा खर्च वाढतो, पण वादळात नुकसान पडवीपुरते राहण्याची शक्यता वाढते.

सरकारी मदतीत काय बदलायला हवे?

वादळानंतर पंचनामे होतात आणि घराचे नुकसान ‘अंशतः’ किंवा ‘पूर्णतः’ असे ठरते. पैसे येतात तेव्हा पाऊस सुरू असतो किंवा तोंडावर असतो, त्यामुळे जसे गेले तसेच छप्पर पुन्हा उभे राहते : तोच पातळ पत्रा, तेच स्क्रू, तेच न बांधलेले पाय. पुढच्या वादळात पुन्हा पंचनामा. ही रक्कम वाढवा, अशी मागणी दरवेळी होते आणि ती रास्तही आहे. पण मदतीच्या कागदासोबत एक पानाचे मराठी पत्रक द्यायला किती खर्च येतो? थर किती ग्रॅमचा, कडेला स्क्रू किती, कैची कशी बांधायची, एवढेच आकृतीसह. घरकुल योजनेत तर बांधकामाच्या टप्प्यांची जिओटॅग केलेली छायाचित्रे घेऊनच हप्ते सोडले जातात. किनारी तालुक्यांत पत्र्याच्या छपराचे छायाचित्र घेताना वळचणीचे स्क्रू आणि भिंतीवरचे बोल्ट दिसतील असे घ्या, एवढा बदल करायला नवा कायदा लागत नाही. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवले जाते, छप्पर बसवणे मात्र प्रत्येक जण दुसऱ्याचे पाहून शिकतो. पाच दिवसांचा वर्ग चालवता येईल.

आहे त्या छपराचे काय?

पत्र्याला जागोजागी भोके पडली नसतील तर बरेच वाचवता येते. गंजलेले स्क्रू एकेक काढून त्याच भोकात एक माप जाड, चांगल्या वॉशरचा स्क्रू घालावा. वर सिलिकॉनचा गोळा थापण्याने काही होत नाही, त्याखाली पाणी मुरत राहते. वळचणीच्या कापलेल्या कडा घासून त्यांना जस्तयुक्त रंग आणि वरून साधा रंग द्यावा. खोलगट भागात साठलेला आंब्या-फणसाचा पाला मेअखेरीस काढावा, कारण ओला पाला महिनोन् महिने पत्र्याला चिकटून राहतो. स्वयंपाकघराच्या वर पहाटे पत्र्याला घाम येत असेल तर आढ्याखाली आणि भिंतीच्या डोक्याशी हवा खेळायला जागा ठेवावी. वरून फोम चिकटवून घाम झाकला जातो, पण फोम आणि पत्रा यांच्यामध्ये ओल राहिली तर गंज दिसतही नाही.

आणि पाऊस थांबल्यावर, दिवाळीनंतर एकदा, मग जानेवारीत आणि मार्चमध्ये, वळचण आणि पडवीचा पत्रा खालच्या बाजूने गोड्या पाण्याने पाइप मारून धुवावा. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते वापरू नये. वर्षातून दोनदा उघडणाऱ्या घराच्या मालकाने हे काम शेजाऱ्याला ठरवून द्यावे आणि त्याचे पैसेही द्यावेत.